सुभद्रेची झोप आणि उत्तरेचा गर्भ : गरोदरपण, भीती आणि बदलतं हवामान

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसांनी या भानगडीत का पडावं? गरोदर बाईची तब्येत हा डॉक्टरांचा विषय, हवामान हा शास्त्रज्ञांचा. पण या दोन्हींच्या मधे एक जुना प्रश्न आहे. बाहेर संकट आलं आणि त्याची झळ पोटातल्या बाळाला लागली, तर जबाबदार कोण? आणि त्या बाळाच्या आईला आपण काय सांगायचं? हा प्रश्न निदान दोन हजार वर्षं विचारला जातो आहे, आणि आज उन्हाळे वाढत असताना तो नव्याने दारात उभा आहे. म्हणून आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. शेवटी आजच्या कामाकडेही येऊ.

सुरुवात आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीपासून करू. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, पण त्याला बाहेर पडता आलं नाही. का? लहानपणी आपल्याला सांगितलेलं उत्तर असं, की तो आईच्या पोटात असताना चक्रव्यूहाची विद्या सांगितली जात होती, आत शिरण्यापर्यंतचं झालं आणि सुभद्रेला झोप लागली. पुढचं राहून गेलं. आजही गर्भसंस्काराच्या वर्गात ही गोष्ट मोठ्या हौसेने सांगतात.

आता द्रोणपर्व उघडून पाहा. तिथे अभिमन्यू स्वतः युधिष्ठिराला सांगतो, की हा व्यूह भेदायला वडिलांनी शिकवलं आहे, पण संकट आलं तर बाहेर पडायचं मला ठाऊक नाही. झोपलेली सुभद्रा तिथे नाही. ती नंतरच्या कथाकारांनी आणली. आणली ती का, हे विचार करण्यासारखं आहे. एका सोळा वर्षांच्या मुलाला थोरांनी एकट्याला आत पाठवलं, पाठीमागून येतो म्हणाले ते येऊ शकले नाहीत, आणि समोरच्या महारथींनी युद्धाचे सगळे नियम मोडून त्याला घेरून मारलं. एवढे सगळे दोषी समोर असताना लोककथेने कारण शोधलं ते गरोदर बाईच्या डुलकीत.

महाभारतातच गर्भाची दुसरी गोष्ट आहे, सौप्तिकपर्वातली. युद्ध संपलं आहे. अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, ते मागे घेणं त्याला जमत नाही, आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. अभिमन्यूची पत्नी उत्तरा तेव्हा गरोदर आहे. पुढे तिचं मूल निष्प्राण जन्मतं आणि कृष्ण त्याला जिवंत करतो. तोच परीक्षित. या कथेत उत्तरेला कोणी विचारत नाही, की तू प्रसन्न का नव्हतीस? अस्त्र कोणी सोडलं हे सर्वांना माहीत आहे, त्याला शाप मिळतो, आणि ज्याच्या अंगात सामर्थ्य आहे तो गर्भ वाचवण्याची जबाबदारी घेतो.

आजचं सगळं व्याख्यान या दोन कथांच्या मधे आहे. गर्भापर्यंत पोचणाऱ्या संकटाकडे सुभद्रेच्या गोष्टीसारखं पाहायचं की उत्तरेच्या?

चरकाचे दोन अध्याय

आता आपल्या वैद्यकाकडे वळू. चरकसंहिता हा थरांथरांनी घडलेला ग्रंथ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या शारीरस्थानात 'दौहृद' ही कल्पना येते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाचं हृदय जागं होतं, आईच्या शरीरात आता दोन हृदयं असतात, आणि गर्भाची इच्छा आईच्या तोंडून बोलू लागते. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कुळातला. चरकाचं म्हणणं असं, की या इच्छा डावलू नयेत. तिने अगदी तीव्रपणे एखादी अपायकारक गोष्ट मागितली, तरी ती हितकर पदार्थात मिसळून द्यावी, पण मन मारायला लावू नये.

यातलं बंधन कोणावर आहे, याकडे आपण लक्ष देत नाही. ते घरच्यांवर आहे. तिने मागायचं आणि इतरांनी पुरवायचं. म्हणजे मूळ कल्पनेत गरोदर बाईचं मन ही घराची जबाबदारी आहे.

पण त्याच शारीरस्थानात, थोडं पुढे, एक यादीही आहे. आई अशी वागली तर मूल असं होतं, अशी. नेहमी शोक करणाऱ्या बाईचं मूल भित्रं, कृश किंवा अल्पायुषी होतं, असं त्यात आहे. म्हणजे इथेच दोन वाटा फुटल्या. एक वाट म्हणते तिचं दुःख इतरांनी दूर करा. दुसरी म्हणते तू दुःख करू नकोस. पुढच्या काळात दुसरीच वाट रुंद झाली, कारण ती घरच्यांना स्वस्त पडते.

याच ग्रंथात, विमानस्थानात, 'जनपदोद्ध्वंस' नावाचा अध्याय आहे. जनपदोद्ध्वंस म्हणजे अख्ख्या प्रदेशाचा नाश. पांचाल देशातलं कांपिल्य नगर, गंगेचा काठ, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर वनात फिरत आहेत. ते अग्निवेशाला म्हणतात, ऋतूंची लक्षणं बिघडलेली दिसतात, औषधी वनस्पतींचा रस जाण्याच्या आत त्या गोळा करून ठेवा. अग्निवेश विचारतो, माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगाने सगळे कसे मरतात? आत्रेयांचं उत्तर असं, की चार गोष्टी सर्वांच्या सामाईक असतात. वारा, पाणी, भूमी आणि काळ. त्या बिघडल्या की प्रकृतिभेद आड येत नाही.

मग त्या बिघडतात कशाने? अधर्माने. आणि अधर्म सुरू कुठे होतो? देशाच्या, नगराच्या, व्यापारी संघांच्या प्रमुखांपासून. ते चुकीचे वागले की त्यांच्या हाताखालचे वागतात, मग पाऊस वेळेवर येत नाही, वारे नीट वाहत नाहीत. आज आपण याला कार्यकारणाचं शास्त्रीय विधान म्हणणार नाही. हवामान बदलतं ते कोळसा, तेल, वायू जाळल्याने, जंगलं तोडल्याने. पण जबाबदारी वरून खाली येते, हे त्या वैद्याला दिसलं होतं.

गंमत म्हणा की खंत, हे दोन अध्याय एकमेकांशी बोलत नाहीत. गर्भाच्या अध्यायात बाई आहे पण बिघडलेला ऋतू मागे राहतो. उद्ध्वस्त प्रदेशाच्या अध्यायात ऋतू आहे पण गरोदर बाई वेगळी दिसत नाही. हवामानबदलाचं गरोदरपणातलं शिक्षण म्हणजे हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायचं काम आहे, असं म्हटलं तरी चालेल.

युरोपातला ससा

ग्रीकांनी थोडं वेगळं केलं होतं. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या 'हवा, पाणी आणि स्थळं' या इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या लेखनात ऋतू आणि गरोदरपण एकत्र आले आहेत. हिवाळा दक्षिणेच्या वाऱ्याचा, पावसाचा आणि उबदार गेला, आणि मग वसंत कोरडा व थंड आला, तर त्या वसंतात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे गर्भ पडण्याची शक्यता वाढते, असं निरीक्षण तिथे नोंदलं आहे. ते बरोबर आहे की नाही हा मुद्दा वेगळा. महत्त्वाचं हे, की वैद्य हवेकडे पाहतो आहे.

सतराव्या शतकात मात्र युरोपचं लक्ष आईच्या कल्पनाशक्तीकडे वळलं. आम्ही वर्गात ज्याला देकार्तचा अनुयायी म्हणून शिकवत आलो, तो मालब्रांश, त्याने १६७४ मध्ये 'सत्याचा शोध' हा ग्रंथ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यात पॅरिसच्या एका रुग्णालयातल्या तरुणाचं वर्णन आहे. जन्मापासून वेडसर, आणि हातपाय ठिकठिकाणी मोडलेले. मालब्रांशचं स्पष्टीकरण असं, की गरोदर असताना त्याच्या आईने एका गुन्हेगाराला चाकावर बांधून हाडं मोडण्याची शिक्षा होताना पाहिली. तिच्या मेंदूला बसलेला धक्का बाळाच्या मऊ शरीरावर उमटला. इतका बुद्धिमान माणूस, पण भर चौकात माणसांची हाडं मोडण्याच्या शिक्षेबद्दल तो थांबत नाही. त्याचा प्रश्न आईने काय पाहिलं एवढाच राहतो.

या कल्पनेचा कळस झाला १७२६ मध्ये, इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या गोडाल्मिंग गावात. मेरी टॉफ्ट नावाच्या गरीब मजूर बाईने आपण सशांना जन्म देतो असा दावा केला. शेतात काम करताना ससा दिसला, त्याच्यामागे धावलो, मग सशाचीच इच्छा मनात राहिली, असं तिचं म्हणणं. राजाच्या पदरी असलेल्या शल्यवैद्याने यावर विश्वास ठेवला. लंडनला आणल्यावर डिसेंबरमध्ये तिने लबाडी कबूल केली, आणि सगळ्या शहराने तिची टर उडवली. ती गरोदरपणात शेतावर राबत होती आणि त्याच वर्षी तिचा गर्भ पडला होता, ही साधी गोष्ट या गदारोळात मागे पडली.

पुढच्याच वर्षी, १७२७ मध्ये, जेम्स ब्लाँडेल या लंडनच्या वैद्याने आईच्या कल्पनाशक्तीच्या या सिद्धांतावर पुस्तक लिहून टीका केली. त्याचा युक्तिवाद दोन पदरी होता. एक शास्त्राचा. असंख्य बायका गरोदरपणात घाबरतात आणि त्यांना धडधाकट मुलं होतात, मग तुमचा नियम कुठे गेला? दुसरा नीतीचा. या समजुतीमुळे गरोदर बायका सतत धास्तावलेल्या राहतात, म्हणजे ही शिकवणच त्यांना छळते. हा दुसरा मुद्दा आज आपल्याला फार कामाचा आहे. गरोदर बाईला दिलेलं ज्ञान तिच्या मनावर काय करतं, हा प्रश्न ज्ञानाच्या खरेपणाइतकाच महत्त्वाचा आहे.

मोजमापाचं शतक

विसाव्या शतकात चर्चा मोजमापावर आली. १९४४ च्या सप्टेंबरात हॉलंडमध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मन सैन्याने सूड म्हणून पश्चिम भागात अन्न जाऊ दिलं नाही, त्यात कडक हिवाळ्याने कालवे गोठले. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५ मध्ये मुक्तता झाली. दुष्काळाची सुरुवात आणि शेवट तारखेनिशी माहीत, जन्माच्या नोंदी जागेवर, म्हणून पुढे संशोधकांना तपासता आलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्या आयांच्या मुलांचं जन्मवजन घटलं होतं. पण हीच मुलं अठरा-एकोणीस वर्षांची होऊन लष्करी तपासणीला आली, तेव्हा त्यांच्या बुद्धिमापनात दुष्काळाचा ठसा सापडला नाही. नंतरच्या अभ्यासांत काही आजारांचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे परिणाम खरे आहेत, पण ते शिक्षा ठोठावल्यासारखे अटळ नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम सांगायला हव्यात.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा अभ्यास कॅनडातल्या क्वेबेकचा. जानेवारी १९९८ मध्ये तिथे गोठणारा पाऊस पडला. तारांवर, खांबांवर बर्फाचे थर चढले, खांब कोसळले, तीस लाखांहून जास्त लोक अंधारात आणि थंडीत गेले, काहींची वीज महिनाभराहून जास्त काळ आली नाही. माँट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ सुझान किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांना गाठलं. त्यांनी एक फार शहाणपणाचं काम केलं, दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या. पहिली, प्रत्यक्षात काय घडलं? वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का, इजा झाली का, नुकसान किती झालं? दुसरी, तुम्हाला किती त्रास वाटला, झोप गेली का, त्या आठवणी छळतात का?

आपल्या नेहमीच्या बोलण्यात या दोन्ही गोष्टींना आपण 'ताण' म्हणतो आणि मोकळे होतो. त्या वेगळ्या केल्यावर काय दिसलं? मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या भाषेतला आणि आकलनातला फरक प्रत्यक्ष हालांशी जोडलेला निघाला. तेरा वर्षांच्या वयात काही मुलांच्या रक्तपेशींतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासल्या, त्यांचाही संबंध आईच्या हालांशी दिसला, तिने व्यक्त केलेल्या त्रासाशी दिसला नाही. इतर काही बाबतींत आईची मनःस्थितीही महत्त्वाची ठरते, हेही खरं. नमुना छोटा आहे, फरक सरासरीतला आहे, बहुतेक मुलं सर्वसाधारण मर्यादेतच होती. एवढी सावधगिरी बाळगूनही एक निष्कर्ष उरतो. ज्या घरात चाळीस दिवस वीज नाही, तिथल्या बाईला 'मन शांत ठेव' असं सांगून भागत नाही. आधी वीज आली पाहिजे.

याला जोडून ऑस्ट्रेलियातला अनुभव. जानेवारी २०११ मध्ये क्वीन्सलँडला मोठा पूर आला. ब्रिस्बेनच्या काही गरोदर स्त्रियांना त्या वेळी नेहमीची दवाखान्याची पद्धत मिळत होती, तर काहींना एकच ओळखीची सुईण सुरुवातीपासून बाळंतपणानंतरपर्यंत सोबत होती. पुराचा धक्का दोघींनाही बसला. पण ओळखीची सुईण असलेल्यांमध्ये त्या धक्क्याचं बाळंतपणानंतरच्या नैराश्यात रूपांतर होण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे मनाला आधार देणारी गोष्ट मोठी महागडी नव्हती. दर वेळी तोच चेहरा, तीच बाई, जिला मागचं सगळं माहीत आहे.

आपल्याकडे हे ऐकताना कोणाची आठवण येते? आशाताईंची. गावातलीच बाई, घर माहीत, सासू माहीत. आपण तिच्यावर कागद आणि ॲप यांचं ओझं टाकून तो चेहरा पुसट करत आणला, हा भाग वेगळा.

उन्हाचा प्रश्न

आता आपल्या उन्हाकडे येऊ. २०२० मध्ये सत्तावीस देशांतल्या सत्तर अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. तापमान एक अंशाने वाढलं की वेळेआधी प्रसूतीची शक्यता साधारण पाच टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत ती सोळा टक्क्यांपर्यंत जाते, असं त्यात आढळलं. मृत बाळ जन्मण्याच्या शक्यतेतही वाढ दिसते. एकेका बाईसाठी ही वाढ लहान आहे, घाबरून जाण्याजोगी नाही. पण लाखो गरोदर बायकांचा देश घेतला की तीच वाढ मोठी होते.

हे होतं कसं? गर्भाचं तापमान आईपेक्षा सुमारे अर्धा अंश जास्त असतं. त्याची उष्णता बाहेर जाते ती आईच्या रक्तावाटे. बाहेर फार ऊन झालं की आईचं शरीर स्वतःला थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, घामावाटे पाणी जातं, आणि वारेकडे जाणारं रक्त कमी पडण्याचा धोका असतो. त्यात पाणी कमी प्यायलं की भर पडते. आणि बायका पाणी कमी का पितात? कामाच्या जागी शौचालय नसतं म्हणून. आता बघा, पाणी प्या ही सूचना किती सोपी, आणि ती पाळणं कोणाच्या हातात आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असा पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला. त्यातून २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला असा पहिला. पण आपल्याला सांगायची आहे ती त्यातली एक छोटी गोष्ट. तिथल्या महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता, म्हणजे तापलेल्या गच्चीच्या खाली. त्या उन्हाळ्यानंतर तो खालच्या मजल्यावर हलवला. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बाळांचं प्रमाण घटलेलं दिसलं.

मंडळी, हे आहे उत्तरेच्या कथेचं आजचं रूप. कोणा आईला उपदेश केला नाही. खाटा खाली आणल्या.

भीती कोणाची?

आता मनाचा भाग. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. हवामानाच्या चिंतेमुळे मूल होऊ द्यावं की नाही याबद्दल मन साशंक आहे, असं म्हणणारे साधारण ३९ टक्के होते. आणि ही चिंता 'सरकारं आमच्यासाठी काही करत नाहीत' या भावनेशी जोडलेली निघाली. म्हणजे पोरं उन्हाला जितकी घाबरली आहेत, तितकीच थोरांच्या निष्क्रियतेला. जे मूल होऊ द्यायचं ठरवतात, त्यांच्याही मनात हे सगळं असतंच. चौथ्या महिन्यात बातम्या बघताना ते वर येतं.

इथे एका तत्त्वज्ञाची मदत घेऊ. हान्स योनास, जर्मनीत जन्मलेला ज्यू विचारवंत. त्याची आई ऑश्विट्झमध्ये मारली गेली. १९७९ मध्ये त्याने जबाबदारीच्या तत्त्वावर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं, जबाबदारी म्हणजे काय हे पाहायचं असेल तर तान्ह्या बाळाकडे पाहा. त्याचा नुसता श्वास भोवतालच्यांना सांगतो, की माझी काळजी घ्या. त्यासाठी वेगळा युक्तिवाद लागत नाही. त्याच ग्रंथात तो म्हणतो की तंत्रज्ञानाच्या युगात भीतीचा उपयोग करून घ्यायला शिकलं पाहिजे. वाईट काय होऊ शकतं याची कल्पना आधी करा, म्हणजे वेळेत सावध व्हाल.

योनासची ही भीती आम्ही अनेक वर्षं शिकवली, आणि ती मोलाची आहे. पण ती कोणी बाळगायची, हे स्पष्ट करायला हवं. ज्याच्या हातात काही बदलण्याची सत्ता आहे, त्याने. नगर आखणाऱ्याने, कारखाना चालवणाऱ्याने, अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्याने. ही भीती तिथून उचलून सातव्या महिन्यातल्या बाईच्या पदरात टाकली, तर ती कामाची राहत नाही. तिचा ओझ्यासारखा भार होतो. भीतीमागोमाग काही करता येण्याजोगं नसेल, तर ते शिक्षण नव्हे.

याची उलट बाजूही आहे. काही घरांत म्हणतात, तिला काही सांगूच नका, उगाच मन खाईल. हेही बरोबर नाही. तिला ऊन लागतंच आहे, पत्र्याखाली रात्र काढताना घरात सर्वांत आधी तिलाच कळतं. न सांगण्याने फक्त एवढं होतं, की आपल्याला होणाऱ्या त्रासाचं कारण ती स्वतःत शोधते. 'माझंच काहीतरी चुकलं.' पुन्हा सुभद्रेची झोप.

मग सांगायचं काय आणि कोणाला?

एवढ्या इतिहासातून आपण काय घ्यायचं? थोडक्यात सांगतो तेव्हा तीन माणसांशी बोलायचं आहे असं समजा.

पहिली ती स्वतः. तिला थोडं, नेमकं आणि करता येण्याजोगं सांगायचं. दुपारच्या उन्हात शक्यतो काम टाळायचं, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यायचं, लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर शरीराला पाणी कमी पडतंय हे ओळखायचं. चक्कर, सतत डोकेदुखी, पोट वारंवार कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांपैकी काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. १०८ आणि १०२ हे क्रमांक घरात सर्वांना पाठ हवेत. मन फार जड झालं, झोप उडाली, रडू थांबेना, तर तेही दुखणंच आहे. त्यासाठी १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्याची मदतवाहिनी आहे. आणि एक वाक्य तिला जरूर सांगावं : तुला काळजी वाटली, रडू आलं, म्हणून बाळाचं वाटोळं होत नाही. ब्लाँडेलने तीनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं.

दुसरं तिचं घर. डोहाळजेवण आपल्याकडे अजून हौसेने होतं. झोपाळा, होडी, फुलांची वाडी, चांदण्यातली बैठक. नीट पाहिलं तर या सगळ्या गारव्याच्या जागा आहेत. एक दिवस तिला गारव्यात बसवून ओटी भरतो आणि दुसऱ्या दिवशी ती पत्र्याच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे उभी. डोहाळे पुरवणं ही घराची जबाबदारी होती, ती उन्हाळाभर चालवायला काय हरकत आहे? दुपारचा स्वयंपाक सकाळीच उरकणं, पाण्याच्या खेपा दुसऱ्या कोणी करणं, घरातला एकुलता पंखा तिच्या बाजूला फिरवणं. सासूबाई आणि नवरा यांना हे शिकवलं पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेला नवरा आत बोलावला, तर निम्मं काम होईल.

तिसरे आत्रेयांनी ज्यांना प्रधान म्हटलं ते. सरकार, महापालिका, कारखानदार, मुकादम. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्यांमध्ये गरोदर बायका असतात. कोयता थांबला तर मजुरी थांबते आणि उचल डोक्यावर राहते. हंगाम लांबला की उन्हाळा फडातच सुरू होतो. या बाईच्या हातात 'दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका' असं पत्रक देणं ही थट्टा आहे. तिच्यासाठी शिक्षण म्हणजे सावली, पाणी, शौचालय, बुडालेल्या दिवसाची भरपाई. नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लोकसंख्या निधी यांनी मिळून सांगितलं, की हवामानाच्या संकटाला तोंड देण्याच्या योजनांमध्ये गरोदर स्त्रिया आणि बाळं यांच्याकडे दुर्लक्ष झालं आहे. आपल्या शहराच्या, जिल्ह्याच्या उष्णता आराखड्यात गरोदर बाईबद्दल सल्ला आहे की तरतूद, हे आपण नागरिक म्हणून विचारू शकतो. सल्ला असेल तर तो सुभद्रेला आहे. तरतूद असेल तर ती उत्तरेसाठी आहे.

आत्रेयांनी अग्निवेशाला सांगितलं होतं, औषधींचा रस जाण्याच्या आत त्या गोळा करा. उन्हाळा लागल्यावर बैठक बोलावण्यात अर्थ नसतो. आपल्या ओळखीत, इमारतीत, गावात येत्या चैत्र-वैशाखात कोण गरोदर असेल, हे माघातच कळलेलं असतं. तेव्हाच तिच्या घराचा पत्रा, पाण्याची सोय, जवळचा दवाखाना आणि त्याचा कोणता मजला, एवढं पाहून ठेवावं.

इतकं बोलून थांबतो आहोत. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः ज्या मुली पुढच्या ओळीत बसल्या आहेत त्यांनी.